माळ्यावरची ट्यूब

घराबाहेर पडणाऱ्या माझ्या मुलाला मी एकच प्रश्न विचारायचे, "सोबत कोण कोण आहे?" विचारण्याची तऱ्हा पोलिसी. कुठं चाललास, कधी येणार, जेवायला आहेस का, हे सगळं मला नंतरचं वाटायचं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, एकवीस वर्षं झाली. सतरा वर्षांच्या पोराला खरा धोका रस्त्याचा नसतो की पाण्याचा नसतो, सोबतच्या पोरांचा असतो, हे मी वाचलेलं होतं. नुसतं वाचून गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी ते पालकसभेत माईक हातात घेऊन सांगितलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या सभेत मी फळ्यावर मेंदूचं चित्र काढलं होतं. कपाळामागचा भाग, जो पुढचंमागचं बघतो, तो सगळ्यात उशिरा पिकतो, पार पंचविशीपर्यंत. मजा हवी म्हणणारा भाग मात्र तेराव्या-चौदाव्या वर्षीच जोर धरतो. म्हणजे गाडीला ॲक्सिलरेटर आज बसवला आणि ब्रेक दहा वर्षांनी, असं मी म्हणाले. त्यात मित्र बघत उभे असले की तो ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो. तेच पोरगं एकटं असलं की शहाण्यासारखं वागतं. पालक माना डोलवत होते. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या, म्हणाल्या, "मॅडम, आमचं मालक पंचेचाळीसचं हायत. त्येंचा कधी पिकायचा?"

सभा पाच मिनिटं हसत होती. मग मी पुरुषांच्या रागावर घसरले. टेस्टोस्टेरॉनमुळे माणूस सरळ मारकुटा होतो असं काही नाही. चारचौघांत आपला मान जातोय असं वाटलं की ते उसळतं, आणि मग मान राखायला गडी वाट्टेल ते करतो. "म्हंजे आमच्या गल्लीत समद्यांचंच उसळलंय म्हणायचं," त्या बाई खाली बसता बसता म्हणाल्या. घरी येताना माझी छाती जरा फुगलेलीच होती. आपण लोकांना काहीतरी कामाचं दिलं असं वाटत होतं.

खरं सांगायचं तर हे सगळं मी वाचायला लागले ते भीतीपोटी. दहावी झाली आणि माझा लेक एका वर्षात माझ्यापेक्षा हातभर उंच झाला. हनुवटीवर टाके घेऊन आला, विचारलं तर "पडलो" एवढंच. दार आपटायला लागला. त्याच्या मोबाईलमध्ये गाडीचं पुढचं चाक हवेत उचलून चालवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ. मी कोडोलीची, शेतकऱ्याघरची. माझे भाऊ झाडावरून, विहिरीत, बैलगाडीखाली, सगळीकडे पडलेले मी पाहिलेत, पण तेव्हा पोटात असा गोळा येत नसे. आईला यायचा असणार, मला कुठं ठाऊक होतं. मग पहाटे उठून मोबाईलवर मेंदूबद्दल वाचायची मला सवय लागली. 'प्रीफ्रंटल कॉर्टेक्स' हा शब्द मी अंगारा लावावा तसा मनातल्या मनात लावून घ्यायचे. पोरगं वाईट नाही, त्याचा मेंदू अजून कच्चा आहे, एवढं म्हटलं की दिवस निभायचा.

पावसाळ्यात मात्र तो अंगारा पुरत नसे. आमची गल्ली नदीपासून पाच मिनिटांवर. वर राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की गल्लीत कुणी कुणाला जेवलास का विचारत नाही, किती फूट झालं विचारतात. बंधाऱ्यावरची पातळी मोबाईलवर येत राहते. पुलाच्या ठरल्या खुणेला पाणी टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणायचं, आणि मग आयाबाया, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळं गाव पाणी बघायला लोटतं. आणि तरणी पोरं जुन्या पुलाच्या कठड्यावरून खाली उडी मारतात. पोलीस अडवतात, बॅरिकेड लावतात, पोरं दुसऱ्या अंगानं जातात. हे आजचं नाही. माझ्या सासऱ्यांनी मारली होती, आमच्या ह्यांनी सलग चार वर्षं मारली होती. गल्लीतल्या तालमीत अजून त्या उड्यांचे दाखले देतात.

आमचे हे म्हणजे अबोल माणूस. शिरोली एमआयडीसीत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर मशीनशी बोलून येतात आणि घरात पंधरा शब्द खर्च करतात. पण पुलाचा विषय निघाला की त्यांना कंठ फुटतो. त्या जुलैत, दरवाजे उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी आम्ही तिघं जेवत होतो आणि ते आपल्या वेळच्या उडीचं सांगत होते. पोरगं ताटावरचा हात थांबवून ऐकत होतं. माझं डोकं फिरलं.

मी म्हणाले, "त्यात पराक्रम कसला? चार पोरं बघत होती म्हणून मारलीत. बघायला कुणी नसतं तर एकानंही मारली नसती. धाडस नाही ते, मेंदूचा खेळ आहे."

"एकटं कोण मारतंय उडी?" हे म्हणाले. "खाली काढायला पोरं लागत्यात की."

"बघा," मी म्हणाले, "म्हणजे माझंच खरं. प्रेक्षक लागतातच."

ह्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग भाकरी मोडून घेतली. मी वाद जिंकले होते. पोरगं माझ्याकडे बघत होतं. "एकटं असलं तर कुणीच मारत नाही? नक्की?" त्यानं विचारलं. वर्गात हुशार पोरं विचारतात तशा आवाजात. "नक्की," मी म्हणाले आणि त्याला आमटी वाढली.

आता ट्यूबचं सांगते. उडी मारणारा कधी एकटा जात नाही. पुलाच्या खालच्या अंगाला दोन-तीन पोरं काठावर थांबतात, त्यांच्याकडे ट्रकच्या चाकातली जुनी ट्यूब हवा भरून ठेवलेली असते, तिला दोर बांधलेला. उडी मारलेला वर आला की ट्यूब फेकायची आणि त्याला ओढून काठाला घ्यायचं. ह्या पोरांना काढणारी पोरं म्हणतात. माझ्या लेकाचे दोन जिवलग मित्र होते, एक उंच, एक चष्म्याचा. त्यांच्या टोळक्याची ट्यूब त्या उंच पोराच्या घरी असे.

दुसऱ्या दिवशी लेक क्लासला गेल्यावर मी त्या दोघांना घरी बोलावलं. पोहे केले. पोहे खाऊन झाल्यावर सरळ सांगितलं, ह्या वर्षी तुम्ही दोघांनी नदीकडे फिरकायचं नाही. तुम्ही नसलात की तो जाणार नाही. आईची शपथ घ्या. आणि ती ट्यूब मला आणून द्या.

उंच पोरगा ताटलीकडे बघत म्हणाला, "काकू, पण त्यो गेलाच तर?"

"तुम्ही नसल्यावर कशाला जातोय? मी ह्या विषयावर भाषणं देते रे बाबा."

चष्म्याच्या पोराला काही पटलं नव्हतं, पण मी त्याची शाळेतली मॅडम होते. शाळेतल्या मॅडमला आमच्याकडे उलट बोलत नाहीत. दोघांनी शपथ घेतली. तासाभरानं ट्यूब आणि दोर घेऊन आले. ती हवेसकट माळ्यावर मावेना, तेव्हा मी व्हॉल्व्ह दाबून हवा काढली, घडी घातली, दोर वर ठेवला आणि समोर पापडाचा डबा सरकवला. त्या दोन दिवसांत मला जशी झोप लागली तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. ह्यांना अर्जंट ऑर्डर होती म्हणून ते शिरोलीला गेले होते. साडेदहाच्या सुमारास लेक बूट न घालता, चपला पायात सरकवून निघाला.

"सोबत कोण कोण आहे?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

कुणी नाही म्हणाला आणि मी निर्धास्त झाले. देवाशपथ सांगते, मला बरं वाटलं. मी कुकर लावला.

सव्वाअकराला दार वाजलं. ते दोघं उभे होते. चष्म्याच्या पोराचा चष्मा हातात होता आणि तोंड पांढरंफटक. "काकू, ह्यो घरात हाय का?" उंच पोरगा म्हणाला. मी नाही म्हटलं. त्यानं मोबाईल पुढे केला. पुलावरून जाणाऱ्या कुणीतरी काढलेला व्हिडिओ गल्लीच्या ग्रुपवर आला होता. कठड्यावर एक पोरगं उभं. निळा टी-शर्ट. त्यानं मागं पाहिलं नाही, खाली काठाकडेही पाहिलं नाही, कारण काठावर कुणी नव्हतंच. उडी मारली. व्हिडिओ काढणारा माणूस "आरं, आरं" म्हणतोय आणि पाणी नुसतंच वाहतंय. तो वर आलेला त्यात दिसत नव्हता.

"आम्ही न्हाय गेलो काकू," उंच पोरगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. "शपथ घातलीती तुम्ही." मग त्याची नजर स्वयंपाकघराच्या माळ्याकडे गेली. मी स्टूल ओढलं, पापडाचा डबा खाली पाडला, ट्यूब ओढली. ती हातात चिंधीसारखी लोंबली. तिच्यात हवा नव्हती. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या होत्या कुणास ठाऊक, गॅस बंद करायचं भान त्या चष्म्याच्या पोरालाच राहिलं.

पुलाच्या तोंडाशी त्याची गाडी स्टँडवर नीट लावलेली होती. डिकीत मोबाईल आणि त्याच्या चपला. चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवल्या होत्या, ओल्या होऊ नयेत म्हणून. ती पिशवी बघून मी तिथंच डांबरावर बसले.

काठावर एक म्हातारे असतात, आयुष्य नदीवर गेलेलं. पुरात माणूस गेला की पहिली हाक त्यांनाच मारतात. ते पाण्याकडे बघत माझ्याजवळ आले. "संगं कोण हुतं, बाई?"

"कुणी नव्हतं."

"कुणीच?" त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "सत्तर पावसाळं बघितलं मी. एकटं उडी मारणारं पोरगं अजून बघितलं न्हाय. काढणारी कुठं गेल्ती?"

काढणारी दोघं माझ्या मागे उभी होती. त्यांनी मान खाली घातली होती आणि माझं नाव घेतलं नाही. मीच सांगितलं. म्हणाले, मी येऊ दिलं नाही त्यांना, ट्यूबपण मीच काढून घेतली. म्हातारे वळले. धोतर वर खोचून होडीकडे गेले.

त्यानंतरचे अडीच तास मी कसे काढले ते मला सांगता येतं, कारण मी विज्ञान शिकवते. पाण्याखाली श्वास किती वेळ रोखता येतो ते मी आठवीला शिकवलंय. गार पाण्यात हातापायाचे स्नायू कसे कडक होतात ते माहीत होतं. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की कितव्या मिनिटाला काय होतं, तेही माहीत होतं. ज्या मेंदूचं चित्र मी फळ्यावर खडूनं काढलं होतं, कपाळामागचा भाग लाल, मधला पिवळा, तेच चित्र डोळ्यांसमोर यायचं आणि त्यातले रंग एकेक करून विझायचे. शेजारच्या बायका पाठीवरून हात फिरवत होत्या, देवाला नारळ बोलत होत्या. त्यांना मिनिटं माहीत नव्हती. मला त्यांचा हेवा वाटत होता.

चहाच्या रंगाचं पाणी होतं. झाडं वाहत होती, एक अख्खी गवताची गंजी वाहत गेली. पाण्यात काहीही निळं दिसलं की माझ्या तोंडचं पाणी पळायचं. हे शिरोलीहून आले. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि थांबले नाहीत, काठाकाठानं खाली निघाले, पोराच्या नावानं हाका मारत. पंधरा शब्दांचा माणूस. त्यांचा आवाज लांब गेला तरी ऐकू येत होता, मग ऐकू येईना झाला.

पावणेदोनला उंच पोराचा फोन वाजला. नदीच्या खालच्या अंगाला, बावड्याच्या बाजूला एक जण पाण्यात अडकलेली म्हैस सोडवायला उसात शिरला होता; त्याला बाभळीला मिठी मारून बसलेलं एक पोरगं दिसलं. जिता हाय, उंच पोरगा फोन कानाला धरून म्हणाला. मी त्याला तीन वेळा विचारलं, जिता म्हणजे काय? त्यानं तीन वेळा सांगितलं.

मी पोचले तेव्हा हे छातीभर पाण्यातून त्याच्यापर्यंत गेले होते. त्याचा एक खांदा निखळला होता आणि काट्यांनी सगळं अंग सोललं होतं. ह्यांनी त्याला काठावर आणलं, चिखलात बसवलं, आणि एक कानफटात मारली. आवाज घुमला. सतरा वर्षांत त्यांनी कधी पोराला बोट लावलेलं नव्हतं. मग तेच खाली बसले आणि पोराचे दोन्ही पाय छातीशी धरून हमसून हमसून रडायला लागले. पालकसभेत मी पुरुषांच्या रागाचं जे सांगितलं होतं ते मला तिथं आठवलं. मान जायला तिथं होतं कोण? एक म्हैस आणि तिचा मालक. भीतीनं माणसाचा हात उठतो, एवढी साधी गोष्ट माझ्या भाषणात नव्हती.

हाडं बसली, काटे निघाले. तिसऱ्या दिवशी मी त्याला दूधभात भरवत होते, कारण उजवा हात गळ्यात अडकवलेला होता. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. "का रे?"

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "तू म्हणाली होतीस ना, एकटा असला तर कुणीच मारत नाही. मला बघायचं होतं, मी माझ्यासाठी मारतो का पोरांसाठी मारतो. म्हणून कुणाला सांगितलं नाही."

"मग?"

"एकट्याला लई भीती वाटते, आई. पोरं असली की एवढी नाही वाटत. पण उडी मारता येते. तुझं चुकलं."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. तो चिडून बोलत नव्हता. प्रयोग झाल्यावर निरीक्षण लिहितात तसं त्यानं सांगितलं होतं. असं पडताळून बघायला त्याला मीच लहानपणापासून शिकवलं होतं, लिंबाच्या रसानं अक्षरं लिहून, गाजराची मुंडकी पाण्यात ठेवून. मी घास त्याच्या तोंडात दिला आणि उठून मोरीत जाऊन रडले.

ह्यांना ट्यूबचं मी त्याच आठवड्यात सांगितलं. त्यांनी ऐकलं. "त्या दिवशी जेवताना मी सांगत हुतो तुला," एवढंच म्हणाले. खरं होतं. सांगत होते, आणि मी जिंकायच्या घाईत होते. त्या दोन पोरांच्या घरी जाऊन मी त्यांच्या आयांसमोर माफी मागितली. उंच पोरगा म्हणाला, "काकू, आम्ही असतो तर काढला असता त्याला, पाच मिनिटात." त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं.

ह्या जूनमध्ये शाळेनं मला पुन्हा तेच भाषण करायला सांगितलं. मी मेंदू काढला, लाल-पिवळा रंगवला, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक सांगितला. ते खोटं नाहीच. मित्र बघत असले की काय होतं तेही सांगितलं. "तेच पोरगं एकटं असलं की" इथवर आले आणि खडू खाली ठेवला. मी पाणी मागितलं. समोरच्या आया वही-पेन घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, एकटं असलं की काय होतं ते मला माहीत नाही. पण त्याला एकटं पाडू नका. मग खाली बसले.

जुलैत राधानगरीचे दरवाजे उघडले. चार दिवस पाणी चढत होतं. पोरगं आता अठरा पूर्ण, घरात वावरत होतं, मोबाईलवर पातळी बघत होतं. मी काही विचारत नव्हते, हे काही विचारत नव्हते. ट्यूबला मात्र ह्यांनी पंक्चरच्या दुकानातून हवा भरून आणली होती, आणि ती आता मावत नाही म्हणून अर्धी माळ्याबाहेर लोंबत होती. आम्ही दोघं तिच्याखालून ये-जा करत होतो आणि तिच्याविषयी बोलत नव्हतो. शनिवारी दुपारी चार वाजता मच्छिंद्री झाली. लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, ट्यूब दे."

उडी मारायला की काढायला, हे त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारलं असतं आणि नको तेच उत्तर आलं असतं तर मी दाराला कुलूप लावलं असतं, हे मला माझ्याविषयी माहीत आहे. मी स्टूलवर चढले.

"सोबत कोण कोण आहे?"

"दोघं आहेत."

"दोघंही?"

"दोघंही. खाली थांबल्यात."

"शेवटपर्यंत थांबणार आहेत?"

"व्हय आई."

मी ट्यूब त्याच्या हातात सोडली. दोर मात्र माझ्याजवळच ठेवला. गॅस बंद केला, चपला घातल्या आणि त्याच्या मागोमाग जिना उतरले.